सासूबाईंना पसंत पडलेलं हॉटेल

माझ्या थोरल्या दिरांनी मारुती घेतली तेव्हा त्या गाडीचं जेवढं कौतुक झालं, तेवढं या घरात सून म्हणून आले तेव्हा माझंही झालं नव्हतं. अंधेरीला त्यांच्या सोसायटीच्या आवारात अर्धी बिल्डिंग खाली उतरली होती. चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, दोन्ही दिव्यांना हळदीकुंकवाची बोटं लावली, आणि मग जाऊबाईंनी निरांजन घेऊन गाडीला ओवाळलं. पेढासुद्धा भरवला असता, पण तोंड नक्की कुठे ते कुणाला ठरवता येईना, म्हणून तो भावोजींनीच खाल्ला.

सासूबाई या सगळ्यात मागे, जिन्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. शुभकार्यात बाईने कुठे उभं राहायचं हे अशा वेळी कुणी सांगत नाही, बाईच आपली मागे सरकते, आणि बाकीचे लक्ष नसल्यासारखं करतात. मी त्यांना पुढे बोलावलं तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

भावोजींची ओळख आधी करून देते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एका मोठ्या कंपनीत साहेब. सफारी सूट, घरात रंगीत टीव्ही, व्हिडिओ, मुलगा पाचगणीच्या शाळेत. बाप आयुष्यभर गिरणीत साचे चालवत होता हे ते पाहुण्यांना सांगत, पण अशा सुरात, की जणू साचे चालवण्याचे कष्ट यांनीच केले होते. आपण किती पुढारलेले आहोत यावर ते जेवताना बोलत, गाडी चालवताना बोलत, आणि दाढी करतानासुद्धा बोलत असणार. माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ. तो घाटकोपरला दोन खोल्यांत आईला घेऊन राहणारा, बँकेतला कारकून. थोरल्यासमोर त्याच्या तोंडातून हो आणि बरं याखेरीज तिसरा शब्द निघत नसे.

तर हे पुढारलेले भावोजी आदल्या वर्षी आईच्या वाढदिवसाला केक घेऊन आमच्याकडे आले होते. वर गुलाबी फुलं, मधोमध मेणबत्ती. सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, टाळ्या वाजवल्या, आणि मेणबत्ती फुंकायला लावली. त्या बिचाऱ्यांनी फुंकली. मी आतून निरांजन, कुंकू, अक्षता घेऊन आले. ज्याचा वाढदिवस त्याला ओवाळायचं, एवढं आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. भावोजींनी हात आडवा केला. म्हणाले, "अगं, आईला नको. बरं दिसत नाही ते."

म्हणजे वाढदिवसाला दिवा विझवलेला चालतो, पेटवून ओवाळलेला चालत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो केककडे पाहत होता. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हवंदे गो," आणि मी ताट परत आत नेलं. त्या दिवशी मी केकचा तुकडा तोंडात घातला नाही. फार गोड होता म्हणून सांगितलं.

गाडीच्या पूजेहून घरी आलो त्या संध्याकाळी सासूबाई वाल सोलत बसल्या होत्या. त्या आमच्याशी बोलताना शहरातलं बोलत, पण मनातलं काही असलं की मालवणीवर येत. सोलता सोलता म्हणाल्या, "गाडयेक सुदा लावल्यान गो कुंकू."

मी म्हटलं, "मी लावते तुम्हाला. आत्ता उठते आणि ओवाळते."

"चोरून कित्याक?" त्या म्हणाल्या. "एकसष्टीक एक डाव माका कोणी ववाळूचा. माझ्या झिलांच्या समोर. इतक्याच. आणि काय नको."

हे त्यांनी वालांच्या टोपल्याकडे बघत सांगितलं. आयुष्यात त्यांनी मुलांकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. आताही मागितलं ते माझ्याकडे, आणि तेही मी देऊ शकणार नव्हते, कारण त्यांना हवं होतं ते मुलांच्या डोळ्यांदेखत. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दादाला विचारू." विचारलं नाहीच.

दादांच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. पुढच्या रविवारी ते गाडी घेऊन आले, आमच्या गल्लीत तीनदा हॉर्न वाजवला, आणि वर येऊन जाहीर केलं, "आईच्या एकसष्टीला आपण फाइव्ह स्टारमध्ये राहायचं. टाऊनला. सगळे गाडीने जायचं."

अंधेरीच्या माणसाने हवापालटासाठी टाऊनला, म्हणजे दक्षिण मुंबईला जायचं, ही कल्पना माझ्या गळी उतरेना. नवरा रोज त्याच मुंबईला नोकरीला जात होता आणि रोज संध्याकाळी हाश्श हुश्श करत परत येत होता. पण भावोजींचं म्हणणं असं, की आपण मुंबईत राहूनही मुंबई कुठे बघतो. मला वाटतं, त्यांना मुंबई बघायची नव्हतीच. मुंबईने त्यांना मारुतीतून उतरताना बघावं, एवढीच इच्छा होती.

मग हॉटेलं बघायचा कार्यक्रम सुरू झाला. बघायचा म्हणजे अक्षरशः मुलगी बघायला जातात तसा. फोन करून चौकशी करणं भावोजींना मंजूर नव्हतं. ते म्हणत, स्थळ समक्ष बघितल्याशिवाय होकार कसा द्यायचा? दर रविवारी आम्ही पाचजण त्या बिस्किटी रंगाच्या डब्यात बसायचो. पुढे भावोजी आणि जाऊबाई, मागे मी, नवरा आणि मधे सासूबाई. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक त्यांनी काढलेलं नव्हतं. काढलं की गाडी जुनी होते म्हणे. उन्हात त्या प्लॅस्टिकला साड्या चिकटायच्या, उठताना फर्रकन आवाज यायचा, आणि दार जरा जोरात लागलं की भावोजींच्या काळजात कळ उठायची. "हळू, हळू, ट्रकचं दार आहे का ते?"

टाऊनच्या आधी जवळचं म्हणून पहिलं स्थळ जुहूचं. समुद्र, माडाची झाडं, दारात पिळदार मिशांचा दरवान. दरवानाने दार उघडून सलाम ठोकला तेव्हा भावोजी इतके फुलले, की किल्ली त्याच्या हातात द्यायची का खिशात ठेवायची हेच विसरले. आत गेल्यावर त्यांनी काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, की आमच्या कंपनीचे परदेशी पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासाठी खोल्या बघायच्यात. त्या माणसाने आम्हा पाचजणांकडे पाहिलं, सासूबाईंच्या हातातल्या कापडी पिशवीकडे पाहिलं, आणि अतिशय अदबीने खोली दाखवली. जाऊबाईंनी पलंगावर बसून गादी दाबून बघितली. भावोजी बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ आले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "हॉटेलची खरी पारख बाथरूमवरून होते." मग लॉबीत बसून आम्ही एक किटली चहा पाचजणांत प्यायलो आणि निघालो. परतताना जुहू नापास झालं. कारण काय, तर घरापासून फार जवळ. वाढदिवसाला कुठे गेला होतात म्हणून कुणी विचारलं, तर जुहू सांगायचं?

पुढचं सहारला विमानतळाजवळ. ते नापास झालं, कारण तिथे लोक नुसते विमान चुकलं म्हणून राहतात. एक टाऊनमधलं नापास झालं, कारण तिथल्या दरवानाने मारुती बाजूला घ्यायला सांगितली आणि मागून आलेल्या परदेशी गाडीला आधी सलाम केला. भावोजी हाजीअलीपर्यंत प्रत्येक टॅक्सीला हॉर्न मारत होते. जाऊबाई म्हणाल्या, "मेला एवढुसा दरवान आणि काय तोरा!" पण तोरा दरवानाचा नव्हता, आमचा होता, आणि तोसुद्धा उसना.

या सगळ्या रविवारांत सासूबाईंना कुणी काही विचारलं नाही. त्यांना लॉबीतल्या सोफ्यावर बसवून ठेवत. त्या पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन कडेला बसायच्या, सोफ्याला पाठ न टेकता, कुणीतरी उठवेल अशा बेताने. पिशवीत त्यांनी घरून तांदळाच्या पिठाची तळलेली बोरं आणलेली असायची. ती मला देत. गार लॉबीत, झुंबराखाली, आम्ही दोघी तोंडाचा आवाज न करता बोरं खायचो. मला हॉटेलांत आवडलेली तेवढीच गोष्ट.

मग एका रविवारी टाऊनमधल्या समुद्राकडच्या एका हॉटेलात गेलो. पोर्च बेताचाच, म्हणून भावोजी आधीच नाक मुरडत होते. आत दाराशी रेशमी साडीतली एक मुलगी ताट घेऊन उभी होती. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. तेवढ्यात बस आली आणि परदेशी पाहुण्यांचा घोळका उतरला. ती मुलगी एकेकाला ओवाळायची, कपाळाला कुंकू लावायची, हसायची. अर्ध्या चड्डीतले गोरे बाप्ये ओणवे होऊन कुंकू लावून घेत होते. बायका एकमेकींची कपाळं बघून हसत होत्या. सगळ्यांत शेवटी एक पांढऱ्या केसांची म्हातारी काठी टेकत आली. एकटीच होती. मुलीने तिलाही ओवाळलं. म्हातारीने कुंकू लावून घेताना डोळे मिटले.

सासूबाई सोफ्यावरून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"तिचो घोव आसा?" त्यांनी मला हळूच विचारलं.

म्हटलं, "नवरा आहे का काय ठाऊक. एकटीच दिसते."

"त्या चेडवान तिका इचारल्यान नाय?"

"नाही हो आई. इथल्या मुली कुणालाच विचारत नाहीत. जो येईल त्याला लावतात."

त्या कितीतरी वेळ त्या ताटाकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या, आणि पहिल्यांदाच त्यांनी सोफ्याला पाठ टेकली.

परत येताना भावोजी पोर्चला, लिफ्टला आणि चहाला नावं ठेवत होते. शीव ओलांडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माका ह्याच पसंत."

आईला पसंती असते हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. जाऊबाई वळून म्हणाल्या, "काय आवडलं हो आई? समुद्र?" सासूबाई हो म्हणाल्या. मला सगळं कळलं होतं, आणि खरं सांगते, इतका आनंद झाला, की चिकटलेल्या प्लॅस्टिकवरही मी सुखाने बसले. हॉटेलातली ती मुलगी पगार घेऊन जे सगळ्यांना करते, तेवढंच या बाईला हवं होतं. मुलगे समोर उभे असणार होते. कुणाची परवानगी मागायची नव्हती. भावोजींनीही फार ताणलं नाही, कारण तोवर त्यांच्या लक्षात आलं होतं की तिथे फॉरेनची माणसं उतरतात.

वाढदिवसाच्या सकाळी सासूबाईंनी त्यांचं मोरपंखी नऊवारी लुगडं काढलं. सासरे गेल्यापासून ते ट्रंकेतच होतं. वेणी घातली. आरशात बघून त्यांनी कपाळ ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून घेतलं. नवऱ्याला मी आधीच बजावून ठेवलं होतं, "ती ओवाळेल तेव्हा तू आईसमोर उभा राहा. इकडेतिकडे बघू नकोस." तो बरं म्हणाला.

हॉटेलच्या पोर्चमध्ये गाडी लागली. दरवानाने भावोजींचं दार उघडलं, सलाम झाला, भावोजी तृप्त झाले. ती रेशमी साडीतली मुलगी ताट घेऊन पायऱ्या उतरून आली. तिने भावोजींना ओवाळून कुंकू लावलं, जाऊबाईंना लावलं, माझ्या नवऱ्याला लावलं, मला लावलं. सासूबाई मागच्या सीटवर सरकत दाराशी आल्या होत्या. एक पाय त्यांनी बाहेर ठेवला, डोकं पुढे केलं आणि डोळे मिटले.

मुलीने ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि मागे उभ्या असलेल्या माणसाकडून गुलाबाचं एक लांब दांड्याचं फूल घेतलं. "हॅपी बर्थडे, मॅडम," असं म्हणून तिने ते सासूबाईंच्या पुढे धरलं.

सासूबाईंनी डोळे उघडले. फुलाकडे पाहिलं.

मी विचारलं, "यांना नाही लावलंस?"

मुलगी गोंधळली. म्हणाली, "सरांनी बुकिंगच्या वेळी सांगितलं होतं. मॅडमना टिळा नको, फूल द्या म्हणून."

सर टायची गाठ सारखी करत होते. "अगं, मी म्हटलं उगाच आईला ऑकवर्ड नको व्हायला," ते मला म्हणाले. "यांना इथे कल्पना नसते ना आपल्यातली." गाडी, हॉटेल, खोलीची पारख, सगळं करून हा माणूस एवढं मात्र विसरला नव्हता. आईच्या पसंतीचं कारण त्याला ठाऊक नव्हतं, आणि तरीही त्याने नेमकी तीच एक गोष्ट तिथून काढून टाकली होती. मला त्या क्षणी त्याचा इतका तिटकारा आला, की त्याच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा बघवेना.

सासूबाईंनी बाहेर ठेवलेला पाय आत घेतला. फूल हातात घेतलंच नाही. मधल्या जागेवर सरकून त्या पिशवी मांडीवर ठेवून बसल्या.

"आई, चल ना," भावोजी म्हणाले.

"माका दुसरा हाटेल बघ," सासूबाई म्हणाल्या.

"दुसरं? अगं, तूच तर हे पसंत केलंस!"

"ज्या हाटेलात सगळ्यांका लावतत थय व्हर माका. नायतर मी हयच बसतंय."

आवाज मोठा नव्हता. पण पोर्च बेताचा होता ना. मागे एक लांबलचक गाडी येऊन थांबली होती, तिच्या मागे टॅक्सी, आणि तिच्या मागे पाहुण्यांची बस. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. बसमधून गोरी माणसं माना काढून बघायला लागली. दरवान मिशीत हसत होता की काय कोण जाणे. लोक काय म्हणतील या एका भीतीवर ज्याने सगळं आयुष्य काढलं, त्याच्याभोवती आता लोक जमले होते. बिचाऱ्याला गाडी पुढे घेता येईना, की आईला ओढून बाहेर काढता येईना. जाऊबाई पुटपुटल्या, "अहो, लावू द्या ना, सगळे बघतायत." इतक्या वर्षांत त्या बाई पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडल्या.

आणि माझा नवरा, हो आणि बरं यापलीकडे न जाणारा, दार धरून उभा राहिला आणि त्या मुलीला म्हणाला, "लावा तुम्ही. मी तिचा मुलगा आहे, मी सांगतो."

मुलगी ताट घेऊन गाडीत वाकली. जागा इतकी थोडी, की निरांजनाची ज्योत छताला लागते की काय असं वाटलं. तिने हात आखडून लहानसं ओवाळलं. सासूबाईंनी पुन्हा डोळे मिटले. मुलीने कुंकवात बोट बुडवून त्यांच्या कपाळावर चांगलं ठसठशीत टेकवलं, वर अक्षता लावल्या. मागे हॉर्न वाजतच होते. सासूबाईंच्या गालावरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलं नाही. मीही रडत होते. नवरा आईसमोरून हलला नाही, इकडेतिकडे बघितलं नाही.

आणि भावोजी म्हणाले, "जरा सांभाळून हां, सीटला प्लॅस्टिक आहे."

संध्याकाळी हॉटेलने केक पाठवला. सासूबाईंनी तो कापला, पण मेणबत्ती फुंकायला साफ नकार दिला. ती आपणहून वितळेपर्यंत आम्ही सगळे बसून राहिलो, आणि केकवर मेण सांडलं म्हणून भावोजी चुकचुकत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाथटब, ते मऊ टॉवेल, यातलं सासूबाईंनी काही वापरलं नाही. त्यांना बादली आणि तांब्या हवा होता, तो नव्हता. खरं कारण तेही नव्हतं. कपाळाला पाणी लागू द्यायचं नव्हतं.

त्याच दुपारी घाटकोपरला आमच्या बिल्डिंगखाली गाडी थांबली. चार बायका गॅलरीत होत्याच. नळावर दोघी. भावोजींनी वर पाहिलं, खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि मागे वळून आईपुढे धरला.

"आई, वर जाण्याआधी ते जरा... इथे तुला सगळे ओळखतात."

सासूबाईंनी रुमालाकडे पाहिलं, आणि मग मुलाकडे.

"तुझो बापूस गेलो त्या दिसा पुसूक सगळी धावत इली हुती," त्या म्हणाल्या. "आता कोणाक पुसूचा आसात तर त्येणी माझ्या कपाळाक हात लावचो. तुया लाव."

सासूबाई उतरल्या, पदर सारखा केला, आणि नळावरच्या बायकांच्या मधून, थांबून प्रत्येकीशी बोलत, जिन्याकडे गेल्या. मी पिशवी घेऊन मागे निघाले. वळून पाहिलं तर भावोजी मागच्या दारातून आत वाकले होते आणि त्या रुमालाने सीटच्या प्लॅस्टिकवर सांडलेलं कुंकू पुसत होते.